चिलटांची रात्र मोजताना: बेळगावच्या वडगावातल्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, मी बायॉलॉजी शिकवते. मेंदूच्या धड्याला एका मुलीनं विचारलं, "टीचर, चहा प्यालं की झोप का उडते?" मी नेहमीचं उत्तर दिलं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन नावाचं रसायन साचत जातं, ते आपल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरलेल्या जागेवर, बसलं की झोप येते, आणि कॅफिन त्याच जागा अडवून बसतं. पुढचा प्रश्न आला, "दाखवता येईल काय?" माणसावर नाही, पण चिलटांवर येईल असं वाटलं. म्हणून या नोंदी. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात कुणाला हे करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचावेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे शेतकरी 'फळमाशी' म्हणतो ती आंब्या-पेरूत अंडी घालणारी मोठी माशी. मला हवी आहे ती पिकल्या केळ्यावर घोंगावणारी, तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची. घरात तिला चिलट म्हणतात, पुस्तकात ड्रोसोफिला. खानापूरहून आलेल्या फणसाची चारखंडं आणि काळं पडलेलं केळं बाटलीत घालून बाटली परसात ठेवली. दोन तासांत शंभरेक जमली.

११ जून

खाद्य शिजवलं. म्हैसूर विद्यापीठात वर्षानुवर्षं वापरतात तेच प्रमाण: १ लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बारीक रवा, खाद्य घट्ट व्हायला १० ग्रॅम अगर पूड, आणि गॅस बंद करून थोडं निवल्यावर बुरशी रोखायला ७.५ मिली प्रोपिओनिक ॲसिड. ॲसिड मिळालं नव्हतं, म्हणून त्याशिवायच ओतलं. गूळ चांगला आहे, चार दिवस निघतील असा अंदाज केला.

१६ जून

बेळगावचा जून. सतराच्या सतरा बाटल्यांवर पांढरी-हिरवी बुरशी. सगळं फेकलं, बाटल्या उकळल्या. ॲसिड मागवलं. पाच दिवस आणि एक किलो रवा गेला. ॲसिडशिवाय सुरुवात करू नका, निदान पावसाळ्यात तरी.

२४ जून

बर्फावर गुंगवून निवड केली. बाटली सरळ बर्फात पुरली तर आत दव धरतं आणि चिलटांचे पंख काचेला चिकटतात. अशी तीसेक मेली. आता बर्फावर कोरडी काचेची बशी, तिच्यावर टिपकागद, आणि कागदावर चिलटं. पाच-सात मिनिटं निवांत मिळतात.

पकडलेली सगळी एका जातीची नाहीत. काहींच्या पाठीवर पांढऱ्या रेघा, ती बाजूला काढली. उरलेल्यांतली एकेक मादी वेगळ्या बाटलीत ठेवली. तिचे नर बाहेर आले की भिंगातून पाहायचं: पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायावर काळ्या केसांची एकच तिरकी फणी. अशा चार बाटल्या ठेवल्या, बाकीच्या सोडून दिल्या.

५ जुलै

यंत्र. बाहेर मोठ्या प्रयोगशाळांत वापरतात ते तयार यंत्र आपल्या आवाक्यातलं नाही, पण कल्पना सोपी आहे. बोटभर लांब काचेच्या नळीत एक चिलट. एका टोकाला खाद्य, दुसऱ्या टोकाला कापूस. मध्यावरून इन्फ्रारेड किरण आरपार. चिलट मधून गेलं की किरण तुटतो आणि एक मोजलं जातं. इन्फ्रारेड चिलटाला दिसत नाही, त्यामुळे अंधारातही मोजता येतं. सलग पाच मिनिटं हालचाल नसेल तर ती झोप धरायची. चिलटं झोपतात हे २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, तेव्हापासून हीच रीत रूढ आहे.

काचनळी ५ मिमी जाडीची, ६.५ सेंमीचे सोळा तुकडे. तिकोनी कानशीनं ओरखडा काढायचा, ओल्या फडक्यात धरून मोडायचं, कडा स्पिरिटच्या दिव्यावर फिरवायच्या. पहिले नऊ तुकडे वेडेवाकडे मोडले. ओरखडा पूर्ण गोल काढत होते ती चूक. एकाच बाजूला एकच खोल ओरखडा पुरतो.

खर्च: इन्फ्रारेड एलईडी आणि त्याचा उजेड टिपणारा फोटोडायोड अशा १६ जोड्या २४० रुपये, आर्डुइनो नॅनो (मोजणी करणारा छोटा संगणक-बोर्ड) ३५०, सोळा चॅनेलचे दोन मल्टिप्लेक्सर (अनेक तारा एकेक करून जोडणाऱ्या चिप) २२०, घड्याळाचं मॉड्यूल १३०, एसडी कार्डाचं ८०. एकूण १,०२०. पेटी बुटांच्या खोक्याची, आतून काळा चार्ट पेपर.

१३ जुलै

पहिली रात्र. चौदा नळ्यांत चिलटं, ९ आणि १६ नंबरच्या नळ्या मुद्दाम रिकाम्या. सकाळी पाहिलं तर ९ नंबरच्या रिकाम्या नळीत ४३ फेऱ्या.

त्या आकड्यावर बराच वेळ बसून राहिले. रिकामी नळी ठेवली नसती तर हे ४३ कुणाच्या तरी खात्यात जमा झाले असते आणि मी त्यावर आलेख काढला असता. यातलं दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण एक नळी रिकामी ठेवाच.

कारण शोधायला चार संध्याकाळी लागल्या. सगळे एलईडी एकदम चालू होते, त्यामुळे शेजारच्या नळीचा उजेड सांडत होता. शिवाय पहाटे खिडकीतून येणारं ऊन खोक्याच्या फटीतून डायोडवर पडत होतं. आता एका वेळी एकच एलईडी पेटतो. प्रत्येक नळीचं वाचन दोनदा घेतलं जातं, एकदा एलईडी बंद असताना आणि एकदा चालू असताना, आणि दोन्हींतला फरकच धरला जातो. बाहेरचा उजेड दोन्ही वाचनांत सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो. काल रात्री ९ नंबर: शून्य.

१९ जुलै

करंट जाऊन रात्रीची नोंद तुटू नये म्हणून पॉवर बँक लावली, तर ती दर अर्ध्या मिनिटाला स्वतःच बंद व्हायला लागली. आधीच्या दुरुस्तीचाच परिणाम. एकेक एलईडी पेटत असल्यामुळे यंत्र इतकी कमी वीज घेतं की पॉवर बँकेला वाटतं फोन काढून घेतला. ४७ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर समांतर जोडला, शंभर मिलिअँपिअर कायम ओढलं जातं, आता चालू राहते. रेझिस्टर गरम होतो, म्हणून तो खोक्याच्या बाहेर.

२३ जुलै

माद्या वापरू नका. मी काही नळ्यांत ठेवल्या होत्या. त्यांनी अंडी घातली, अळ्या निघाल्या, अळ्याच किरण तोडत फिरू लागल्या. आता फक्त नर, चार-पाच दिवसांचे.

२ ऑगस्ट

नर चिलट दुपारी लांब झोप काढतो, हे पुस्तकात वाचलं होतं. माझे नर काढत नव्हते. रात्री झोपत होते, तेही दहानंतर. खाद्य बदललं, उष्णता तपासली, काही फरक नाही. मग शुक्रवारच्या नोंदीत सगळ्या बारा नळ्यांत दुपारची झोप स्वच्छ दिसली. शनिवारी पुन्हा गायब.

शुक्रवारी शेजारचे माग बंद होते. धागा आला नव्हता.

वडगावात राहणाऱ्याला मागाचा आवाज ऐकूच येत नाही, इतका तो कानात मुरलेला असतो. टेबलावर हात ठेवला तेव्हा कळलं. धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला की भिंतीतून, टेबलाच्या पायातून तो ठोका वर येतो. माझ्या तळहाताला जेमतेम कळतो, तीन मिलिमीटरच्या जिवाला तो धरणीकंप वाटत असणार. हादऱ्यानं चिलटं जागी होतात हे मला माहीत होतं. झोप मोडून पाहायची असली की संशोधक नळ्या हलवतातच. फक्त ते माझ्या घरात आपोआप चाललंय हे लक्षात आलं नाही. तीन आठवड्यांच्या नोंदी बाद.

सायकलची जुनी ट्यूब अर्धी फुगवून तिच्यावर लाकडी पाट, पाटावर खोकं. बराच फरक पडला. शेजारच्या काकांना सांगायला गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, खोकं येऊन पाहिलं, आणि म्हणाले, "भिंतीकडचे दोन माग रात्री आठला बंद करतो की, टीचर. पोरांच्या शिक्षणाचं काम हाय." धागा महाग असताना कुणी माग बंद ठेवणं म्हणजे काय, हे या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल.

९ ऑगस्ट

कॅफिन. शुद्ध कॅफिनची पूड मुलांच्या हातात देऊ नका. पाच-दहा ग्रॅम पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. वजन मी स्वतः गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर केलं.

हवं होतं ०.५ मिलिग्रॅम प्रति मिली, म्हणजे १०० मिली खाद्यात ५० मिलिग्रॅम. मी ५०० घातलं. दशांश चिन्ह चुकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सातपैकी सहा मेली. एवढ्याशा जिवांचं असं व्हायला नको होतं. आता आकडा दोघांनी वेगवेगळा काढायचा आणि जुळला तरच वजन करायचं, असा नियम केला आहे.

१२ ऑगस्ट

नर कमी पडले. परसातल्या पेरूखाली पुन्हा बाटली लावली, चिलटं काढून घेतली आणि फळाचा लगदा उरलेली बाटली कापसाचा बोळा लावून कोपऱ्यात ठेवली.

२० ऑगस्ट

योग्य प्रमाणाच्या तीन रात्री झाल्या. साधं खाणारी सात, कॅफिनवाली सात, दोन नळ्या रिकाम्या. पहिल्या हिशेबात फरक जेमतेम दिसला. मग एकेक नळी पाहिली. ११ नंबरचं कॅफिनवालं चिलट पहिल्याच रात्री मेलं होतं, आणि माझा प्रोग्राम त्याला तीन रात्री गाढ झोपलेलं धरत होता. शेवटच्या बारा तासांत एकदाही हललं नसेल तर ती नळी वगळायची, ही ओळ प्रोग्राममध्ये घातली.

आता साध्यांची रात्रीची झोप सरासरी साडेआठ तास, कॅफिनवाल्यांची सव्वासहा. ९ आणि १६ नंबर शून्य. वर्गात आलेख लावला तेव्हा पोरं बाकावरून उठून पुढं आली.

२३ ऑगस्ट

पोस्टरवर वाक्य लिहिलं: 'कॅफिन चिलटाच्या मेंदूतले ॲडेनोसीनचे रिसेप्टर अडवतं.' लिहून झाल्यावर खात्री करायला बसले, आणि वाक्य खोडावं लागलं.

माणसात ॲडेनोसीनचे चार रिसेप्टर आहेत. चिलटात एकच, ॲडो-आर. तो जनुक पूर्ण काढून टाकलेली चिलटंही जगतात, अंडी घालतात आणि नेहमीइतकंच झोपतात. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अमिता सेहगल यांच्या गटानं अशा रिसेप्टर नसलेल्या चिलटांना कॅफिन दिलं. तरी त्यांची झोप उडाली. म्हणजे चिलटात कॅफिनचा रस्ता वेगळा आहे, सायक्लिक एएमपी आणि पीकेए या पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या रेणूंच्या वाटेनं जाणारा. माझा आलेख खरा होता, त्याखालचं कारण चुकीचं. मी माणसाचं उत्तर उचलून किड्याला लावलं होतं, आणि प्रयोगानं ते पकडलं नाही, कारण झोप दोन्हीकडे उडतेच.

सोमवारी वर्गात हे जसंच्या तसं सांगितलं. ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला होता तिनंच विचारलं, "मग चिलटाला तो रिसेप्टर कशाला हाय, टीचर?"

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. बेळगावात या दिवसांत रात्री झोप मोजण्यात अर्थ नाही. यंत्र बंद, बाटल्या तशाच.

८ सप्टेंबर

पेरूची बाटली टाकून द्यायला घेतली. २७ दिवस झाले होते, चिलटं केव्हाच संपली. आत मुंग्यांसारखं काही तरी धावत होतं. काळं, चकचकीत, लांब मिशा, पंख पाठीवर सपाट. संकेश्वरकडचा एक मुलगा सोबत होता, घरचा ऊस आहे. त्यानं बघताक्षणी सांगितलं, "ह्ये ट्रायकोकार्डातल्या माशीगत दिसायलंय."

जात तीच नाही, पण पोरगा अचूक होता. ट्रायकोकार्डावरून उसाच्या खोडकिडीवर सोडतात ती ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी किडीच्या अंड्यातच अंडं घालते. ही अळीत घालते. चिलटाच्या अळीच्या अंगात हिचं अंडं, आतच अळी वाढते, आणि कोषातून चिलटाऐवजी ही गांधीलमाशी निघते, चिलटांपेक्षा साधारण दहा दिवस उशिरा. म्हणूनच आधी कधी दिसली नव्हती. मी बाटल्या लवकर धुऊन टाकत होते.

पहिला विचार: सगळ्या बाटल्या उकळायच्या. मग त्या मुलीचा प्रश्न आठवला.

१४ सप्टेंबर

वाचलं ते थोडक्यात. २०१५ साली चेक देशातल्या साऊथ बोहेमिया विद्यापीठात आदम बायगर आणि टोमाश डोलेझल यांच्या गटानं नेमकं हेच पाहिलं. गांधीलमाशीचं अंडं अंगात शिरलं की अळीच्या रक्तातल्या संरक्षक पेशींना भराभर वाढावं लागतं. त्या अंड्याला वेढतात, वेढा काळा पडतो, जमलं तर अंडं आतच मरतं. या कामाला साखर लागते, आणि अळी त्याच वेळी वाढीसाठीही साखर वापरत असते. तेव्हा या पेशीच ॲडेनोसीन बाहेर सोडतात. ते ॲडो-आरवर बसतं, बाकीचं शरीर साखर वापरणं कमी करतं, वाढ मंदावते आणि साखर लढणाऱ्या पेशींना मिळते. रिसेप्टर नसलेल्या अळीत वाढ मंदावत नाही, आणि लढाई फसते. उलट ॲडेनोसीन मोडणारं एन्झाइमच नसलेल्या अळ्या मोठ्या होण्याआधीच मरतात, अंगात काळ्या गाठी घेऊन. म्हणजे हा इशारा वेळेवर थांबणंही तितकंच गरजेचं.

झोपेच्या मागे लागून मी तीन महिने ज्या दाराशी उभी होते, त्या रिसेप्टरचं मोठं काम या दाराआड होतं. प्रकल्प बदलला. गांधीलमाशी लावलेल्या आणि न लावलेल्या अशा दोन गटांतल्या अळ्या कोषात कधी जातात ते मोजायचं.

२१ सप्टेंबर

पहिला प्रयत्न वाया. गांधीलमाश्या लावलेल्या बाटलीत अळ्या किती होत्या ते मोजलं नव्हतं, पाहिलं तर दुसरीच्या दुप्पट. दाटीनंही वाढ मंदावते, त्यामुळे उशीर कशामुळे हे कळायला मार्ग नाही.

२८ सप्टेंबर

आता प्रत्येक बाटलीत ३० अळ्या, एकाच चार तासांत घातलेल्या अंड्यांच्या, तीन दिवसांच्या. एका बाटलीत सहा गांधीलमाश्या चार तास सोडल्या आणि काढून घेतल्या.

ते चार तास भिंग लावून पाहत होतो. माशी लगद्यावर चालते, मिशांनी चाचपते, आणि एकदम थबकते. मग पोटाचं टोक खाली रुततं. खालची अळी वळवळते, वर ती खांब रोवल्यासारखी उभी. अर्धा मिनिट, कधी जास्त. मग पुढं चालू लागते. संकेश्वरचा मुलगा इतक्या जवळून पाहत होता की त्याच्या श्वासानं काच धुरकटली.

४ ऑक्टोबर

तीन दिवसांनी अळ्या पाण्यात धुऊन काचेवर ठेवल्या. अळीची कातडी पारदर्शक असते. माशी लागलेल्या ३० पैकी ७ जणींच्या अंगात, पाठीच्या जरा खाली, मोहरीच्या दाण्याच्याही दहाव्या हिश्शाएवढा काळा ठिपका. अळी पुढं सरकली की ठिपका आत डुलतो. बाकीच्यांतल्या काहींना माशी लागलीच नसेल, काहींचा वेढा जमला नसेल.

कोषांची मोजणी दर तीन तासांनी केली. रात्रीची पाळी माझी, पहाटेची आईची. साध्या बाटलीतल्या निम्म्या अळ्या कोषात गेल्या त्यानंतर नऊ तासांनी माशीवाल्या बाटलीतल्या निम्म्या गेल्या. पुन्हा केलं तेव्हा फरक सहा तासांचा निघाला.

पोस्टरवर इतकंच लिहिलंय: 'गांधीलमाशी लागलेल्या अळ्या उशिरा कोषात गेल्या.' ॲडेनोसीनचं नाव वेगळ्या चौकटीत, चेक गटाच्या कामासोबत. आमच्याकडे रिसेप्टर नसलेली चिलटं नाहीत, आणि ती नसताना हा उशीर ॲडेनोसीनमुळे असं लिहिणं म्हणजे ऑगस्टमधलीच चूक पुन्हा करणं.

१२ ऑक्टोबर

ठिपक्याच्या सात अळ्यांचे कोष वेगळे ठेवले होते. आज सकाळी त्यातल्या दोनांतून चिलटंच निघाली. एक मादी, एक नर. नराच्या पोटाच्या कडेला, कातडीआड, तोच काळा ठिपका अजून दिसतो. चालतो, उडतो, खातो. चार दिवसांचा झाला की ४ नंबरच्या नळीत. ९ आणि १६ रिकाम्याच. काकांना सांगून ठेवलंय, गुरुवारी रात्रीपासून मोजणी सुरू.